स्तोलिपिनोवो : एका मोहल्ल्याची नावे

बल्गेरियातील प्लोव्दिव शहराच्या पूर्वेला, मारित्सा नदीकाठी स्तोलिपिनोवो ही वस्ती आहे. अशा वस्तीला तिकडे ‘महाला’ म्हणतात. आपल्या ‘मोहल्ल्या’चेच हे भावंड, मूळ अरबी शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेला आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला.

१८८९ साली देवीच्या साथीचे कारण दाखवून नगरपालिकेने शहरात विखुरलेली रोमा कुटुंबे वेशीबाहेर वसवली. साथ ओसरली, वेस मात्र राहिली. पुढे वस्तीला आर्कादी स्तोलिपिन या रशियन सेनानीचे नाव मिळाले. १८७८ च्या युद्धानंतर काही काळ त्या प्रांताचा कारभार त्याच्याकडे होता.

रोमांचे पूर्वज भारतातून गेले, हे भाषेवरून सिद्ध झाले आहे. रोमानीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’ आणि विसाला ‘बिश’ म्हणतात. हे वाचून मराठी माणसाचा ऊर भरून येतो, माझाही आला होता. पण स्तोलिपिनोवोत घरोघरी बोलली जाते ती मुख्यतः तुर्की. रोमानी जपली आहे ती थोड्या, बहुतांशी ख्रिस्ती कुटुंबांनी. तुर्की बोलणारे बरेचजण स्वतःला तुर्कच म्हणवतात. शेजारी त्यांना जिप्सी म्हणतात, अभ्यासक रोमा. आपणही लगबगीने ‘आमचेच’ म्हणून चौथे नाव चिकटवू नये, असे मला वाटते.

कारण नावाचा जाच या लोकांनी पुरेपूर सोसला आहे. कम्युनिस्ट राजवटीने मुसलमान रोमांची नावे टप्प्याटप्प्याने बदलून बल्गेरियन केली. १९८४-८५ च्या हिवाळ्यात देशभरातील तुर्कांवर तीच पाळी आली. चारचौघांत तुर्की बोलण्यावरही बंदी आली. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे तुर्कस्तानात निघून गेली. नोव्हेंबरात झिव्कोव यांची सत्ता गेली आणि १९९० च्या कायद्याने जुनी नावे परत घेण्याची मुभा मिळाली. कागदावर एक नाव, चुलीपाशी दुसरे, हे दुभाषी मुलखातल्या वाचकाला फोड करून सांगायला नको.

२००७ साली बल्गेरिया युरोपीय संघात गेला, तेव्हापासून इथली पुष्कळ कुटुंबे जर्मनीत, विशेषतः डॉर्टमुंडला जाऊ लागली. तिथे तुर्कांची वस्ती जुनी. दुकानात, कामाच्या ठिकाणी, भाड्याची खोली शोधताना त्यांच्या उपयोगी पडते ती घरातली तुर्कीच.