अनेक फायलींचा एक प्रोग्राम

न्यू जर्सीतील बेल लॅब्जमध्ये 1976 साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ही प्रणाली सिद्ध केली, तिचे निमित्त असे की, त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी मूळ फायलीतील चूक दुरुस्त करूनही ती फाइल पुन्हा कंपाइल न झाल्यामुळे आपली अवघी सकाळ निर्दोष प्रोग्रामात दोष शोधण्यात घालविली होती. कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे याची नोंद ‘मेकफाइल’च्या दप्तरी करावयाची, आणि प्रत्येकीच्या अखेरच्या बदलाची वेळ ताडून केवळ शिळी झालेलीच नव्याने घडवावयाची, ही तजवीज मला संगणकशास्त्रातील थोर कृत्यांत गणावीशी वाटते. हुकुमाच्या आरंभी टॅबच हवा, हा तिच्यातील जाच फेल्डमन यांना लवकरच उमगला. परंतु तोवर डझनभर लोक तिच्यावर विसंबले होते, म्हणून तो कायम राहिला. पुढे ईमॅक्स व व्हिम या एडिटरांनी आतूनच मेक चालविण्याची सोय केली. 2015 साली प्रकट झालेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये मात्र सी प्लस प्लससाठी आपोआप तयार होणारी ‘टास्क्स’ फाइल केवळ समोर उघडलेल्या एकाच फायलीस कंपायलरकडे धाडते. सबब दुसरीकडील फंक्शन लिंकरला सापडत नाही, आणि तेथे सर्व फायलींचा निर्देश विद्यार्थ्याला स्वहस्ते करावा लागतो.