तापणाऱ्या इंजिनाची कुळकथा



मोटारीचें इंजिन वारंवार कां तापतें, हा प्रश्न मिस्त्रीच्या कारखान्यांतला. तो इतिहासाच्या व्याख्यानांत कशाला, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटेल. परंतु जुनी मोटार म्हणजे चाकांवर चालणारा एक इतिहासग्रंथच आहे. तिच्यांतील एकेक भाग एकेका अडचणीवरचा तोडगा म्हणून जन्मास आला. तो तोडगा लंगडा पडला म्हणजे मूळची अडचण पुन्हां डोकें वर काढते. म्हणून कोणती अडचण केव्हां आणि कशी सुटली हें ज्यास ठाऊक, त्यास आज ती कोठें अडली हें लवकर सांपडतें.

माझ्या लहानपणीं मुंबईहून पुण्यास मोटारीनें जातांना खंडाळ्याच्या घाटांत आमचा एक मुक्काम ठरलेला असे. तो आमच्या इच्छेनें नव्हे, गाडीच्या इच्छेनें! बॉनेटखालून वाफ निघूं लागली कीं वडील गाडी कडेला घेत, चाकांखालीं दगड लावीत आणि आम्हां मुलांना झाडाखालीं बसवीत. एके वर्षीं बरोबर आलेल्या एका नातलगांस थांबण्याचा कंटाळा आला. त्यांनीं हातावर फडकें घेऊन रेडिएटरचें झाकण फिरविलें. पुढच्या क्षणीं उकळतें पाणी कारंजासारखें उसळलें आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. त्या हातावरचे वण पुढें पुष्कळ वर्षें मी पाहत होतों. त्या झाकणाखालीं काय दडलेलें होतें, हें शोधतां शोधतां मी या इतिहासाकडे वळलों.

मूळ गोष्ट अशी कीं, पेट्रोल जाळून जी उष्णता मिळते, तिचा चौथा किंवा फार तर तिसरा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामीं येतो. उरलेल्या उष्णतेपैकीं कांहीं धुराबरोबर निघून जाते आणि पुष्कळशी सिलिंडरच्या भिंतींत शिरते. ती तेथून वेळच्या वेळीं काढून नेली नाहीं, तर वंगणाचें तेल जळतें, दट्ट्या फुगून अडकतो आणि इंजिन कायमचें निकामी होतें.

कार्ल बेंझ यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं जर्मनींत आपल्या तीन चाकांच्या मोटारीचें पेटंट घेतलें. त्यांनीं उष्णता काढण्याची युक्ति अगदीं साधी योजिली होती. सिलिंडरभोंवतीं पाणी ठेवावयाचें आणि तें खुशाल उकळूं द्यावयाचें. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ होतांना सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता ती आपल्याबरोबर घेऊन जाते. युक्ति नामी खरी, परंतु गाडीला तहान फार! ऑगस्ट १८८८ मध्यें बेंझ यांच्या पत्नी बर्था या आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे शंभरांहून थोडे अधिक किलोमीटर, मोटारीनें गेल्या. वाटेंत वीसलोख गांवच्या औषधाच्या दुकानांत त्यांनीं इंधन विकत घेतलें, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पण वाटेवरच्या खाणावळी, विहिरी आणि ओढे यांतून त्यांना पुनःपुन्हां पाणी भरून घ्यावें लागलें, ही गोष्ट मला तितकीच बोलकी वाटते.

त्यापुढची पायरी विल्हेल्म मायबाख यांची. पाणी उडवून टाकण्याऐवजीं तेंच निववून पुन्हां वापरावें, हा विचार त्यांनीं तडीस नेला. १९०० सालच्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीस त्यांनीं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसविला. त्यांत सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या. नळ्यांतून वारा वाहे आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी फिरे. मागें एक पंखा होता, म्हणून गाडी हळू चालली तरी वारा तुटत नसे. एवढ्या मोठ्या इंजिनास अवघें नऊ लिटर पाणी पुरूं लागलें. थोड्या पाण्याला वाऱ्याचा स्पर्श मोठा, हें या शोधाचें सार होय.

आतां हें पाणी फिरवावयाचें कोणीं? तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें आणि निवालेलें जड होऊन खालीं उतरतें, या निसर्गनियमावर पुष्कळ गाड्या चालल्या. १९०८ ते १९२७ या काळांत दीड कोटीहून अधिक संख्येनें निघालेली फोर्डची टी मोटार ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. पहिल्या सुमारें अडीच हजार गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढें तो काढून टाकण्यांत आला. या रचनेंत एक मर्म आहे. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखालीं गेली कीं फेरा तुटतो, आणि रेडिएटरमध्यें पाणी शिल्लक असूनही इंजिन उकळूं लागतें. ठिणगी पुढेंमागें करण्याची दांडी या गाडींत चालविणाराच्याच हातीं असे. ठिणगी उशिरा पडली म्हणजे उष्णता कामीं न लागतां सिलिंडरच्या भिंतींत आणि धुराच्या नळींत शिरे. पाण्याचा कांहीं दोष नसतां गाडी तापण्याचें हें एक जुनें कारण.

पाण्याची कटकटच नको, असेंही कांहींच्या मनांत आलें. जनरल मोटर्सनें १९२३ सालीं तांब्याचे पंख जोडलेलें, निव्वळ वाऱ्यानें निवणारें इंजिन शेव्हरलेट गाडींत घातलें. अशा ७५९ गाड्या तयार झाल्या. ग्राहकांच्या हातीं सुमारें शंभर पडल्या. उन्हांत त्यांची शक्ति घटे, आंत अवेळीं भडका होई. अखेर त्या गाड्या परत मागविण्यांत आल्या. वाऱ्यानें निवणारीं इंजिनें पुढें इतरांनीं यशस्वी केलीं. पण घाईनें आणलेली युक्ति महाग पडते, हा धडा राहिला.

१९३२ मध्यें फोर्डनें बेताच्या किंमतीच्या गाडींत आठ सिलिंडरांचें इंजिन दिलें. त्यांत धुराच्या वाटा ठोकळ्यामधून, पाण्याच्या वेढ्यांतून काढलेल्या होत्या; त्यामुळें बाहेर जावयाची उष्णताही पाण्याच्या माथीं आली. आरंभीं पंप सिलिंडरांच्या डोक्यावर बसवून तापलेलें पाणी वरून ओढून घेत. १९३७ पासून तेच पंप ठोकळ्यावर आणून निवालेलें पाणी आंत ढकलण्याची व्यवस्था झाली. हें इंजिन तापट म्हणून प्रसिद्धि पावलें, याचें बीज त्याच्या जन्मांतच होतें.

शेवटचा टप्पा दाबाचा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळांत स्प्रिंगचें, दाब धरणारें झाकण सर्रास झालें. बंद भांड्यांत हवेच्या दाबाइतका आणखी दाब चढला, तर पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. यामुळें रेडिएटर लहान झाले. परंतु तें झाकण तप्त असतां उघडणें म्हणजे एका क्षणांत सर्व पाण्यास उकळण्याची आज्ञा देणें. माझ्या त्या नातलगांचा हात कशानें भाजला, हें आतां आपल्या ध्यानीं आलें असेल.

मग गाडी तापूं लागली, तर शोध कसा घ्यावा? इतिहासाच्याच क्रमानें. इंजिन पुरतें निवूं द्यावें आणि प्रथम बेंझचा प्रश्न विचारावा: पाणी किती आहे, आणि तें जातें कोठें? नंतर मायबाखचा: वारा पोंचतो कीं नाहीं? गाडी उभी असतां किंवा हळू चढतांना तापत असेल, तर पंखा, त्याचा पट्टा आणि चिखलानें बुजलेल्या जाळ्या पाहाव्या. सपाट रस्त्यावर वेगांत तापत असेल, तर संशय पाण्याच्या फेऱ्यावर घ्यावा: क्षारानें भरलेल्या नळ्या, झिजलेला पंप, किंवा ओढीनें चपटी होणारी खालची रबरी नळी. आपल्या देशावरच्या पुष्कळ विहिरींचें पाणी जड असतें. त्याचा थर भांड्यांत बसतो तसाच इंजिनांतही बसतो. त्यानंतर ठिणगीची वेळ आणि चाकाला घासणारा ब्रेक तपासावा. इंजिन थंड असतां झाकण काढून सुरू केलें आणि रेडिएटरमध्यें सारखे बुडबुडे येऊं लागले, तर सिलिंडरच्या डोक्याखालचें गॅस्केट गेलें असें समजावें. आणि हें सारें करण्यापूर्वीं कांटा खरें बोलतो ना, याची खात्री करावी.

घाटांतल्या तापण्याचा दोष उंचीला देण्याची चाल आहे. खंडाळ्यास पाणी समुद्रकांठापेक्षां जेमतेम दोन अंश आधीं उकळतें. महाबळेश्वरासही फरक चार-पांच अंशांचाच. खरें कारण वेगळें. घाटांत इंजिन जोरानें फिरतें, गाडी मात्र हळू चालते. आणि कोंकणांतून वर चढतांना पश्चिमेचा वारा पाठीशीं असला, तर समोरून येणारा वारा जवळजवळ नाहींसाच होतो.

एक चुकीचा उपचार सांगून संपवितों. गाडी तापली कीं थर्मोस्टॅट काढून फेंकण्याचा सल्ला अद्यापि ऐकूं येतो. पाणी योग्य उष्णतेस येईपर्यंत त्याचा फेरा रोखून धरणें हें त्याचें काम. तो बिघडला असेल तर जरूर बदलावा. पण धडधाकट थर्मोस्टॅट काढल्यानें इंजिन थंडींत अर्धवट तापून झिजतें, आणि कांहीं इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनें परत फिरतें, म्हणजे रोग उलट वाढतो. मूळ दोष तसाच राहतो, फक्त त्याची वर्दी देणारा पहारेकरी आपण हांकलून दिलेला असतो.

वडील घाटांत अर्धा तास थांबत, तेव्हां तो वेळ वाया गेला असें आम्हां मुलांस वाटे. आज वाटतें, त्या गाडीला जें हवें होतें तेंच ते देत होते. जुन्या यंत्राजवळ जाणारानें फडकें आणि पाण्याचा डबा अवश्य बरोबर न्यावा. पण त्यांच्याही आधीं, अर्धा तास बरोबर न्यावा.