चाळीस एकरांचे सात एकर कधी झाले?

मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ग्रंथमालेचे पहिले पुस्तक १९१७ साली निघाले, आणि ते लिहिले होते एका रसायनशास्त्रज्ञाने. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी द. ल. सहस्रबुद्धे, ना. वि. कानिटकर, वि. अ. ताम्हाणे आणि इतर सहकाऱ्यांना बरोबर घेऊन पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एकाच गावाची माती, विहिरी, पिके, जनावरे, जमिनीचे धनी आणि घराघरांतली मिळकत तपासली. पुस्तकाचे नाव ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’. त्यातले चार आकडे पुढे शंभर वर्षे भाषणांतून, अहवालांतून आणि पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. बहुतेक वेळा मात्र त्यांतले दोनच सांगितले गेले, आणि त्यामुळे शेतजमिनीच्या इतिहासाबद्दल आपली एक समजूत घट्ट होऊन बसली. ती तपासून पाहायला हवी.

आधी मॅनबद्दल थोडे. हा माणूस यॉर्कचा. याच यॉर्कमध्ये सीबोम राऊंट्री यांनी घरोघर फिरून गरिबीची मोजणी केली आणि १९०१ साली ती प्रसिद्ध केली. एका कुटुंबाला जगायला किमान किती लागते ते आधी ठरवायचे आणि मग किती घरांत तेवढे येते ते मोजायचे, अशी ती पद्धत. मॅननी तीच पद्धत इंग्लंडातल्या रिजमाउंट नावाच्या शेतकरी खेड्याला लावून पाहिली होती आणि त्याचा निबंध १९०५ च्या सुमारास छापून आला होता. म्हणजे पवनेच्या काठच्या पिंपळे सौदागरात येण्याआधी मॅनच्या हाती हे माप तयार होते. गाव गरीब आहे असे वरवर म्हणून त्यांचे समाधान होणारे नव्हते. किती घरे, कशामुळे आणि किती रुपयांनी तोट्यात आहेत, हे त्यांना हवे होते.

आता ते चार आकडे. पिंपळे सौदागरमध्ये एका खातेदाराची सरासरी जमीन १७७१ साली ४० एकर होती, १८१८ साली साडेसतरा एकर, १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ साली ७ एकर. मॅनच्या वेळी गावात १५६ जमीनधारक होते आणि त्यांच्या जमिनीचे ७०० पेक्षा जास्त सुटे तुकडे झाले होते. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते आणि ११२ तर पाव एकरही भरत नव्हते. दहा गुंठ्यांच्या आतली ही रानं. तिथे बैलांची जोडी नीट वळायचीही नाही, आणि मालकाला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यात दिवस घालवावा लागायचा.

चाळीसवरून सातवर! रजनी पाम दत्त यांनी १९४० साली ‘इंडिया टुडे’मध्ये हे आकडे घेतले आणि इंग्रजी राजवटीने शेतकऱ्याचे काय केले याचा पुरावा म्हणून मांडले. तेव्हापासून ‘पेशवाईत ४० एकर, इंग्रजीत ७ एकर’ असे एक सूत्रच होऊन बसले. इंग्रजांच्या सारापद्धतीने आणि सावकाराला बळ देणाऱ्या कोर्टकचेऱ्यांनी दख्खनचा शेतकरी पिळला, हे खोटे नाही. १८७५ चे सावकारांविरुद्धचे सुप्याचे बंड काही हवेतून उठले नव्हते. पण हे चार आकडे ओळीने वाचले की दुसरेच काही दिसते. एकूण घट ३३ एकरांची आहे. त्यातली साडेबावीस एकरांची घट १७७१ ते १८१८ या ४७ वर्षांत झाली, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या काळापासून पेशवाई बुडेपर्यंत. इंग्रजी अंमलाच्या जवळजवळ शंभर वर्षांत उरलेली साडेदहा एकरांची. प्रमाणात मोजले तरी पहिली घट ५६ टक्क्यांची आणि दुसरी ६० टक्क्यांची आहे, आणि पहिलीला निम्माच काळ लागलेला आहे.

मग पेशवाईच्या अखेरीस पिंपळे सौदागरात असे काय झाले? त्या काळात पुण्याभोवतालच्या मुलखावर जे आले ते सगळ्यांना ठाऊक आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला होळकरांनी पेशव्यांचा पराभव केला, फौजांनी मुलूख लुटला, आणि १८०३ पासून पुढे मोठा दुष्काळ पडला. पण लूट आणि दुष्काळ यांनी गावे ओस पडतात, कुळे परागंदा होतात. माणसे कमी झाली तर राहिलेल्यांच्या वाट्याला जमीन जास्त यायला हवी. इथे तर उलट झालेले दिसते. म्हणून कारण शोधण्याआधी १७७१ चा आकडा कशाचा आहे, हे विचारणे भाग आहे.

मराठी राज्यात जमीन बिघ्यांनी मोजत. २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चाहूर. हिशेबाने बिघा पाऊण एकराच्या आसपास येतो. पण हलक्या जमिनीचे दोन-तीन बिघे धरून कागदावर एकच बिघा लावण्याची चाल होती, कारण कुलकर्ण्याला क्षेत्रापेक्षा सारा बसवायचा असे. अशा बिघ्याचे एकर करताना चूक किती आणि कोणत्या बाजूला होईल, हे जमिनीच्या पोतावर अवलंबून राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नावांची. पुण्याच्या पूर्वेकडच्या लोणी गावाचे वर्णन डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज वैद्याने लिहिले आणि ते १८२३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या खंडात छापले. कोट्स आणि पेशवाईनंतर दख्खनचा कारभार पाहणारे एल्फिन्स्टन दोघेही सांगतात की दख्खनच्या गावांतली मिरासी, म्हणजे वंशपरंपरागत हक्काची, जमीन थळांमध्ये वाटलेली असे. प्रत्येक थळाला मूळ मिरासदार घराण्याचे नाव, त्या घराण्यातले भाऊबंद मिळून त्याच्या साऱ्याला जबाबदार, आणि घराणे संपले तरी थळाचे नाव तेच. असा कागद पुढे ठेवला तर एका नावाखाली ४० एकर दिसतील आणि शेतात मात्र चार भाऊ चार नांगर चालवत असतील.

गावाची जमीन फारशी बदलली नाही असे धरून साधा हिशेब करता येतो. १५६ खातेदार गुणिले ७ एकर म्हणजे सुमारे ११०० एकर. त्याला ४० ने भागले तर १७७१ साली गावात खातेदार अवघे २७-२८. पुण्याच्या वेशीजवळच्या, नदीकाठच्या, शेकडो वर्षे वसलेल्या गावात २८ नावे, तर १८१८ साली साठाहून जास्त. ४७ वर्षांत, तेही लढाया आणि दुष्काळ सोसून, कसणारी घरे दुपटीहून वाढावीत हे पटत नाही. २८ ही थळांची किंवा एकत्र कुटुंबांच्या कर्त्यांची संख्या असावी आणि १८१८ च्या सुमारास नवे इंग्रजी अधिकारी प्रत्येक रयतेला वेगळे मोजू लागले असावेत, हे मला जास्त सयुक्तिक वाटते. हे अनुमान आहे, पण मोडी कागदांची घडण पाहता भक्कम अनुमान आहे.

१८२०-४० चा १४ एकरांचा आणि १९१४-१५ चा ७ एकरांचा आकडा या अडचणीतून बराचसा सुटतो. दोन्ही काळांत रयत एकेकटी नोंदली जात होती. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरातून जमिनीची पाहणी सुरू केली, सर्व्हे नंबर पडले, ३० वर्षांचा सारा ठरू लागला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली आणि भावाभावांमधले वाटेही सरकारी दप्तरात उतरले. म्हणून या शतकातली निम्म्याने झालेली घट खरी मानावी. मॅननीही जोर तिथेच दिला होता: जुन्या काळी दोन एकरांच्या आतले खाते क्वचितच आढळे आणि आता ८१ टक्के खाती दहा एकरांच्या आत, ६० टक्के पाच एकरांच्या आत आली होती. त्यांच्या पुस्तकातला ठाम भाग हा आहे. १७७१ चा ४० एकरांचा आकडा ओढून ताणून पुढे करायची गरजच नव्हती.

कर्जाचेही तसेच. इंग्रज येण्याआधी रयत कर्जमुक्त होती असे मानणाऱ्यांनी कोट्सचे लोणी पाहावे. तिथल्या ८४ शेतकरी कुटुंबांपैकी १५-१६ वगळता बाकी सगळी कर्जात होती. ही स्थिती १८१९-२० ची, म्हणजे पेशवाईने मागे ठेवलेली.

आता मॅनच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. त्यांनी पिंपळे सौदागरच्या १०३ कुटुंबांचे जमाखर्च मांडून तीन गट पाडले. नुसत्या शेतीवर ज्यांचे भागते अशी कुटुंबे ८. शेतीला बाहेरची मजुरी जोडून ज्यांचे भागते अशी २८. आणि सगळे जोडूनही ज्यांचे भागत नाही अशी ६७, म्हणजे शंभरात ६५. हे गाव खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या टप्प्यात होते, आणि गावातले पुष्कळ लोक तिथे जात. बाहेरच्या मिळकतीवर तगलेल्या त्या २८ घरांचे रहस्य शेतात शोधून सापडणार नाही. ते खडकीच्या पगारात होते.

मॅन आणि कानिटकर यांनी मग शिरूर तालुक्यातले जातेगाव बुद्रुक घेतले. कोरडवाहू, पावसावर सगळी भिस्त, जवळ कारखाना नाही. १९२१ साली छापलेल्या त्या दुसऱ्या अभ्यासात १४७ कुटुंबांपैकी शेतीवर तगलेली १०, बाहेरच्या मिळकतीने तगलेली १२, आणि न तगलेली १२५. शंभरात ८५. पिंपळे सौदागरात दुसऱ्या गटात शंभरातली २७ घरे होती, जातेगावात आठ. पहिला गट मात्र दोन्हीकडे शंभरात सात-आठाच्याच घरात राहतो. माती वेगळी, पाऊस वेगळा, तरी शेतीवर जगणाऱ्यांचे प्रमाण तेच. फरक पडला तो गावाबाहेरच्या कामाने.

हे दुसरे पुस्तक छापून येण्याच्या तीन वर्षे आधी एका तरुण अभ्यासकाने नेमका हा निष्कर्ष नुसत्या तर्काने काढून ठेवला होता. १९१८ साली ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त डॉ. भीमराव आंबेडकर यांचा भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यावरील उपाय या विषयावर निबंध आला. मॅन, कीटिंग, जेव्हन्स या तेव्हाच्या जाणकारांची मते त्यांनी त्यात एकेक करून तपासली आहेत. कुटुंबाला पोटभर मिळेल तेवढे एकर म्हणजे ‘आर्थिक धारणक्षेत्र’, या व्याख्येवर त्यांनी बोट ठेवले. मॅननी पुण्याकडच्या शेतीसाठी हा आकडा २० एकर धरला होता. आंबेडकरांचे म्हणणे असे की जमीन पुरेशी आहे की नाही हे खाणाऱ्या तोंडांवरून ठरत नाही. तिच्यावर लावायला बैल, औते, भांडवल किती आहे त्यावरून ठरते. औतफाटाच नसेल तर आहे ती जमीनही त्या शेतकऱ्याला मोठीच पडते. वारसाहक्कातल्या वाटण्यांना दोष देणेही त्यांना मान्य नव्हते. माणसे चार गुंठ्यांना चिकटून बसतात, कारण जगायला दुसरे काही नाही. शेतीवरचा हा जादा भार उद्योगांनी उचलला पाहिजे, हा त्यांचा उपाय होता.

मॅननी गोळा केलेली माहिती आणि आंबेडकरांनी केलेली मांडणी शेजारी शेजारी ठेवली तर निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागतो, आणि तो मॅनच्याच आकड्यांनी लागतो. मुंबई सरकारने मात्र वाट दुसरी धरली. १९२७ साली सर चुनीलाल मेहता यांनी कायदेमंडळात लहान शेतकऱ्यांविषयीचे विधेयक आणले, ज्यात ठरावीक मापाखाली तुकडा पडू द्यायचा नाही असा रोख होता. आंबेडकर तेव्हा मंडळाचे सदस्य होते. अशा कायद्याने लहान मालक भूमिहीन मजूर होतील, असे सांगून त्यांनी विरोध केला आणि जमीन ज्याची त्याच्याकडे ठेवून सहकारी शेतीचा मार्ग सुचवला. विधेयक बारगळले. कल्पना मात्र टिकली आणि १९४७ साली तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा झाला.

त्या कायद्याने काय साधले, हे कृषिगणना सांगते. महाराष्ट्रात एका खात्याची सरासरी जमीन १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास उरली. खातेदारांची संख्या ५० लाखांच्या जवळून दीड कोटीच्या वर गेली. पिंपळे सौदागरच्या ज्या सात एकरांनी १९१७ साली सगळे हळहळले, त्याच्या निम्म्याहूनही कमी जमीन आज राज्यातल्या सरासरी खात्यावर आहे. तरीही आपल्याकडे चर्चा एकर कसे जोडावेत याचीच होते. जातेगाव आणि पिंपळे सौदागर यांच्यात फरक कशाने पडला, हा प्रश्न १९२१ सालीच सुटला होता. धोरण आखणाऱ्यांनी ती दोन पुस्तके आणि १९१८ चा तो निबंध एकत्र ठेवून वाचावा.