यकृतातील गळू आणि सोनोग्राफी
थंडी वाजून ताप येणे, उजव्या बरगड्यांखाली दुखणे व भूक मंदावणे ही लक्षणे असल्यास यकृतात गळू झाल्याची शंका घ्यावी लागते. दूषित पाण्यावाटे शरीरात जाणाऱ्या एन्टामिबा हिस्टोलिटिका या अमीबामुळे होणारे गळू बहुधा एकच असते व यकृताच्या उजव्या भागात आढळते. जीवाणूंमुळे होणारी गळवे अनेकदा एकाहून अधिक असतात.

निदानासाठी प्रथम सोनोग्राफी करतात. गळवाचे स्थान, आकार आणि आतील पू कितपत पातळ झाला आहे, हे तीत कळते. पहिल्या काही दिवसांत पू पातळ झालेला नसल्यास गळू नजरेतून सुटू शकते. म्हणून पहिला अहवाल निर्दोष आला तरी ताप हटत नसेल, तर तपासणी पुन्हा करावी किंवा सीटी स्कॅन काढावा. लहान गळवे त्यात अधिक स्पष्ट दिसतात. मात्र गळू अमीबाचे की जीवाणूंचे, हे केवळ प्रतिमेवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताची व पुवाची तपासणी लागते.

डाव्या भागातील मोठे गळू हृदयाच्या आवरणात फुटण्याचा धोका असतो. अशा वेळी सोनोग्राफीत पाहत सुईने पू काढण्याचा निर्णय लवकर घेतला जातो.

ताप उतरल्यावरही गळवाची पोकळी काही महिने दिसत राहते. रुग्णाची प्रकृती सुधारत असल्यास केवळ त्या पोकळीसाठी औषधे वाढवण्याचे कारण नसते.