पात्र, अपात्र आणि मधली लाज

यवतमाळ जिल्ह्यात दोन सरकारी शब्द लहान मुलांनाही कळतात: पात्र आणि अपात्र. शेतकऱ्याने आत्महत्या केली की त्याच्या घरची फाईल तयार होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर जाते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत असते. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. त्यासाठी सातबारा कुटुंबाच्या नावावर लागतो, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं, आणि वसुलीचा तगादा लागला होता हे दाखवावं लागतं. मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने, कृषी केंद्रातली बियाण्याची उधारी, यांचा कागद कुठून आणणार? मग शेरा पडतो, अपात्र.

म्हणजे जी गोष्ट माणसाने जिवंतपणी बायकोपासूनसुद्धा लपवली, तीच त्याच्यामागे बायकोने कागदोपत्री सिद्ध करायची.

कोरडवाहू कापूस, पडलेले भाव, पतपुरवठा, सिंचन यांवर बरंच लिहिलं गेलंय, आणि ते खरंच आहे. कुठल्याही आत्महत्येला एकच कारण नसतं. पण या सगळ्यात एक गोष्ट कुठल्याही रकान्यात बसत नाही. ती म्हणजे लाज. देणेकरी दिसला की रस्ता बदलणं, लग्नाच्या पंगतीला न जाणं, पारावर बसायचं सोडून देणं. गावात याला कुणी आजार म्हणत नाही. 'आजकाल दिसत नाही तो' एवढंच म्हणतात.

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे गावचे सरपंच होते, मान असलेला माणूस. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी, पत्नी मालतीबाईंनी आणि चार मुलांनी जगाचा निरोप घेतला, तोही गावापासून दूर, वर्ध्याजवळच्या दत्तपूरला. राज्यातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. त्यांनी मागे चिठ्ठी ठेवली, म्हणून जगाला कारण कळलं. पुढच्या शेकडो घरांत चिठ्ठीही नव्हती.

लाजेचा नीट अभ्यास तसा उशिरा सुरू झाला. अमेरिकन मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी थेरपीच्या संवादांच्या नोंदी बारकाईने तपासल्या आणि १९७१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की खोलीत लाज सारखी हजर असते, पण तिचं नाव ना रुग्ण घेतो ना डॉक्टर. अपराधभाव आणि लाज यांतला फरकही त्यांनी दाखवला. अपराधभाव कृतीबद्दल असतो: मी चूक केली. लाज अख्ख्या माणसाला गिळते: मीच चूक आहे. पहिल्यावर भरपाई करता येते. दुसऱ्यात माणसाला फक्त लपावंसं वाटतं, आणि लपल्यावर ती वाढते.

म्हणून लाजेवर उपदेश चालत नाही. 'एवढं काय त्यात, सगळ्यांवरच कर्ज आहे' असं म्हटलं की समोरचा हो म्हणतो आणि गप्प होतो. त्याला ऐकू येतं ते 'तुला एवढंही झेपत नाही' असं. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडलं होतं की माणूस बदलायला थेरपिस्टची बिनशर्त आपुलकी ही मूळ अट आहे. लाजेच्या बाबतीत ते शब्दशः खरं ठरतं. जे सांगितलं की लोक तोंड फिरवतील अशी भीती होती, ते सांगून झालं, आणि समोरचा उठून गेला नाही, त्याच्या नजरेत फरक पडला नाही. औषध म्हणायचं तर एवढंच. पण ते एका भेटीत होत नाही, आणि प्रश्नावली भरून तर नाहीच.

विदर्भात याचा प्रयोग झाला तो शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, ३० गावांत. नाव 'विश्राम'. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आखला होता. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून 'विश्राम' झालं, आणि त्या नावात मनोरुग्ण किंवा वेड असं काही नाही, फक्त ताण आहे. हा साधा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण गावात 'टेन्शन आहे' म्हणायला लाज वाटत नाही. गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते लोकांशी बोलत, गरज पडली तर समुपदेशकाकडे आणि मग डॉक्टरांकडे नेत. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त निष्कर्ष आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी जेमतेम ४ जण कुठे मदत घेत होते; दीड वर्षाने ते प्रमाण २७ च्या वर गेलं.

यात एक मेख आहे. जवळचा माणूस लाज घालवू शकतो, पण लाज तयारही जवळच्यांतच होते. आपल्या आळीतली बाई आपलं दुखणं ऐकून उद्या नळावर सांगणार नाही, हा भरवसा कमवावा लागतो. २०१५ मध्ये सरकारने बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुरू केलं, मग १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन ताणाखालची माणसं शोधायची होती. कल्पना चांगलीच. पण गरोदर बाईची नोंद, लसीकरण, सर्वेक्षण हे सगळं आशाताईंच्याच डोक्यावर. घाईत विचारलेल्या 'झोप येते का?' या प्रश्नाला शेतकरी 'येते' असंच उत्तर देणार.

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, असं कुणी म्हणालं तर त्याचं बरोबर आहे. पण कर्जाचं पुनर्गठन मागायलासुद्धा बँकेच्या दारात उभं राहावं लागतं, आणि मान खाली गेलेला माणूस त्या दारापर्यंत पोचत नाही.

मागे राहिलेल्या बायकांची लाज आणखी वेगळी. नवऱ्याचं मरण, वर 'हिच्यामुळेच' अशी कुजबुज, आणि फाईल. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं 'तेरवं' हे नाटक अशा बायकांनीच रंगमंचावर उभं केलं. त्यांनी याआधी कधी नाटकात काम केलेलं नव्हतं. तिथे थेरपिस्ट नव्हता. तालमी होत्या, सोबत जेवण होतं, आणि जे घरात कुजबुजत बोललं जायचं ते मोठ्याने म्हणायची सवय होती.

त्यांच्यापैकी एक, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्याने मोठा गदारोळ झाला होता. शेवटी उद्घाटन वैशालीताईंनी केलं. अडीअडचणीला दिल्ली नव्हे, गल्लीच धावून येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या. वाद बाजूला ठेवून एवढं पाहा: जिच्यासारख्या बाईने शुभकार्यात पुढे येऊ नये असा रिवाज, तिच्या हातून जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या सोहळ्याची सुरुवात झाली.

२०१७ पासून दर १९ मार्चला अमर हबीब यांच्या हाकेवरून ठिकठिकाणचे लोक करपे कुटुंबाच्या आठवणीत एक दिवस अन्नत्याग करतात. चिलगव्हाणलाही लोक जमतात. आणि ज्यांना आज रात्रीच कुणाशी तरी बोलायचंय, त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट लागतो, चोवीस तास, मराठीत. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही.