राखेचा डेरा

भांडी कशानं घासायची, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. चूल होती तोवर राख होती. आई पहाटे चूल उपसून राख फुटक्या डेऱ्यात भरायची, त्यातले कोळसे, खडे निवडायची आणि काथ्यानं जर्मनची पातेली घासायची. तांब्याची घागर मात्र चिंचेनं, तीही सणासुदीलाच. राखेत खार असतो आणि तो तेलकटपणा तोडतो, हे मला शाळेत कळलं. आईनं शाळा पाहिली नव्हती, तरी राखेचं निवळ वापरून ती धडुती धुवायची.

पण हल्ली लोक सांगतात तसं ते सगळं गोड नव्हतं. थंडीत आईच्या बोटांची पेरं त्या खारानं उलायची. भाकरी थापताना रक्त यायचं. रात्री करडईचं तेल कोमट करून ती गुपचूप चोळत बसायची.

सर्फ 1959 पासून होतं, पण ते शहरातल्या लोकांचं. 1969 मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढली. घरी बनवायची आणि सायकलवरून विकायची. भाव सर्फच्या चौथाईच्या आसपास. आमच्या वाडीत ती पोचली तोवर माझी दहावी झाली होती. बादलीतला फेस बघून आई म्हणाली, "दूध उतू गेल्यागत झालं की रं!" धोपाटणं निम्म्यावर आलं. तो फेस ओढ्यात कुठं जातो, हे तिनं विचारलं नाही, मीही नाही.

भांड्यांची राख सुटली ती गॅस आल्यावर. चूल विझली, डेरा रिकामा झाला, दुकानातली वडी आली. ठरवलं कुणीच नाही.

माझी चूक पुढची. नव्या संडासाचे डाग जाईनात, म्हणून मी ॲसिड ओतलं आणि त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली. फवारणीला दोन औषधं एकत्र करायची सवय, दुसरं काय! त्यातून क्लोरीन वायू निघतो. दारात उभी असलेली कारभारीण खोकत खाली बसली. ओढून अंगणात आणली. दोन दिवस तिला धड श्वास घेता येईना. डबा वाचायचं मला सुचलं नव्हतं, आणि वाचायला तर मला येत होतं.

गेल्या दिवाळीत सुनेनं भांड्यांसाठी राखेचं पाकीट मागवलं, वर चुलीचं चित्र. आई आता नव्वदीला टेकलीय. तिनं चिमूटभर राख बोटांत चोळून बघितली, किंमत विचारली. नातवानं सांगितली.

"एवढ्यात कोळसं तरी निवडल्यात का?" ती म्हणाली.