बाथचे ऊन पाणी

रोमन लोकांनी जिंकलेल्या देशांत आपल्याबरोबर काय नेले, असे विचारले तर आपण रस्ते, कायदा आणि सैन्य यांची नावे घेतो. परंतु श्रोतेहो, त्यांनी सार्वजनिक स्नानाची चैनही नेली होती. इंग्लंडमधील बाथ हे गाव तिचे ठळक उदाहरण होय.

येथील झऱ्यातून सुमारे ४६ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी दररोज ११ लाख लिटरांहून अधिक बाहेर पडते. इ. स. पहिल्या शतकात रोमनांनी त्यावर मंदिर आणि स्नानगृहे उभारली. देवीचे नाव सुलिस-मिनर्व्हा. सुलिस तेथील, मिनर्व्हा रोमची. जेत्यांनी जितांची देवता आपलीशी केली, ती अशी!

या विसाव्याची दुसरी बाजू १९७९-८०च्या उत्खननात दिसली. झऱ्यातून शापवाणी कोरलेले सुमारे १३० धातूचे पत्रे निघाले. कोणाचा झगा चोरीस गेला, कोणाचे हातमोजे. चोर स्त्री असो वा पुरुष, दास असो वा स्वतंत्र, देवीने त्यास शासन करावे, ही त्यांतील मागणी. राजेरजवाड्यांच्या बखरींत न सापडणारा सामान्य माणूस येथे आपल्या हरवलेल्या कपड्यासाठी बोलतो आहे.

अठराव्या शतकात गावाला पुन्हा वैभव आले. ब्यू नॅश याने नृत्यसभांचे शिष्टाचार घालून दिले आणि उमरावांची रीघ लागली. उपचार हे निमित्त. पत्ते, नाच आणि सोयरिकी हा खरा उद्योग. मात्र त्याच काळात, १७३८ मध्ये, गोरगरीब रुग्णांना या पाण्याचा लाभ मिळावा म्हणून वर्गणीतून रुग्णालयाची स्थापना झाली. तेथेही रुग्णास अनामत ठेवावी लागे: बरा झाल्यास परतीच्या प्रवासासाठी, न झाल्यास दफनासाठी!

१९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर हे स्नान सरकारी खर्चाने मिळू लागले. १९७६ मध्ये ती सोय संपली. १९७८ मध्ये पाण्यातील अमीबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाला आणि सार्वजनिक स्नान बंद पडले. पुढे नव्या कूपनलिकांतून निर्दोष पाणी घेऊन २००६ मध्ये नवे स्नानगृह उघडले. आता तेथे तिकीट काढून विसावा घेता येतो.

झरा मात्र दोन हजार वर्षे कोणाकडे काही मागत नाही. पाणी भूमी देते. त्याच्या काठी कोणाला बसू द्यावयाचे, हे समाज ठरवितो. म्हणून एखाद्या युगाची पारख करावयाची असेल, तर त्याने किती श्रम केले एवढेच पाहू नये. श्रमणाऱ्याला विसावा किती दिला, हेही विचारावे.